थोडं म्हणजे दहा ग्रॅम

खोली दाखवायच्या आधी घरमालक काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालं का तेही विचारलं नाही. वणीत एकटी बाई खोली शोधत फिरते तेव्हा हे तिन्ही प्रश्न जिन्याच्या पहिल्या पायरीवरच भेटतात. त्यांनी विचारलं, "तुमच्या इथं महिन्याले साखर किती लागते?"

मी म्हटलं, दोन किलो. खोटं कशाला बोलू? चहा हे माझं एकुलतं एक व्यसन आहे आणि मला तो गोडच लागतो. काका जिन्यातच थांबले. वर जाऊ द्यावं की खालूनच वाटेला लावावं, याचा त्यांनी बराच विचार केला असावा. मग अट सांगितली, भाड्याचं बोलणं व्हायच्याही आधी. वरची साखर वरच राहील. वाटीभर उसनी म्हणूनसुद्धा ती खाली उतरणार नाही, आणि खालचं माणूस वर आलं तर त्याला चहा बिनसाखरेचा. खालचं माणूस म्हणजे काकू. त्या दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या आणि माझ्याकडे पाहून हसत होत्या. ते हसणं मला तेव्हाच समजायला हवं होतं.

काका तीसेक वर्षं राजूरकडच्या कोळसा खाणीत शॉटफायरर होते. कोळशाच्या भिंतीत भोकं पाडून झाली की त्यांत बारूद मोजून भरायची, माणसं मागे हटवायची, तीनदा ओरडायचं आणि उडवून द्यायचं, हे त्यांचं काम. उडवल्यावर धूर बसेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. नोकरी संपून पाच वर्षं झाली होती, पण ती त्यांच्यातून निघाली नव्हती. कुकरची शिटी व्हायच्या बेतात आली की ते ओट्यापासून सगळ्यांना मागे सारत. स्कूटरला किक मारण्याआधी अंगणात तीनदा "गाडी सुरू होते" असं ओरडत. पहिला आठवडाभर मी प्रत्येक वेळी गॅलरीत धावत आले. त्यात त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून नवराबायकोचं साधं बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. काल रात्री काकूंनी वरण किती घेतलं हे मला शेजारच्या बाईकडून कळायचं.

आता साखरेचं सांगते. मी राहायला यायच्या वर्षभर आधी काकूंना मधुमेह निघाला होता. काकू जातिवंत गोडखाऊ. जिलेबीच्या नुसत्या वासावर चार घरं पलीकडे जाऊन येणारी बाई. काकांनी दवाखान्यातून आल्या आल्या घरातली साखर अंगणात ओतली. त्या दिवशी मुंग्यांची दिवाळी झाली. गूळ गेला, बिस्किटं गेली, मुरंबा गेला, देवापुढच्या खडीसाखरेच्या जागी शेंगदाणे आले. काकू भांडल्या नाहीत. त्यांनी जेवणच कमी केलं. दोन घास खाऊन उठायच्या, कोणाशी बोलायच्या नाहीत. हे पाहून काका घाबरले. त्यांना बायको जगवायची होती, आणि ती डोळ्यांदेखत सुकत चालली होती.

मग ते पुन्हा डॉक्टरांकडे गेले. हिला चालेल असं काहीतरी गोड सांगा म्हणाले. डॉक्टरांच्या दारात पंधरा-वीस माणसं बसलेली. डॉक्टर म्हणाले, जेवणानंतर थोडं काळं चॉकलेट चालेल, कमी साखरेचं. दुसरा माणूस हे ऐकून घरी आला असता. काकांनी विचारलं, थोडं म्हणजे किती? डॉक्टर म्हणाले, एखादा तुकडा. काकांनी विचारलं, तुकडा म्हणजे केवढा? डॉक्टरांनी शेवटी पिच्छा सोडवायला सांगून टाकलं, दहा ग्रॅम. डॉक्टर ते पाच मिनिटांत विसरले असतील. काकांच्या घरात तो कायदा झाला.

त्यांचं एक म्हणणं होतं, "थोडं म्हणजे किती, हे ज्याले सांगता येत नाही, त्यानं थोडं मांगूच नये." 'अति तेथे माती' ही म्हण त्यांना अजिबात पटायची नाही. अति म्हणजे किती ग्रॅम, हे तिच्यात कुठं सांगितलंय? मी शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते, म्हणून ते असले प्रश्न माझ्यासमोर टाकायचे. मी काय उत्तर देणार, कप्पाळ. आणि दुसरं म्हणणं, जे मी दिवसातून दोनदा तरी ऐकलं असेल, ते बारुदीचं होतं. "कमी पडलं तर पुन्हा भरता येते. जास्त झालं तर छत खाली येते."

चॉकलेट एक औषधांचा दुकानदार त्यांच्यासाठी नागपूरहून मागवायचा. पंच्याऐंशी टक्के काळं. ते एका पत्र्याच्या डब्यात, डबा लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली काकांच्या करगोट्याला. दुपारी जेवणं झाली, ताटं उचलली, की काका हात धुऊन, चष्मा लावून कपाट उघडायचे. वडीवरच्या रेघेवर अंगठा ठेवून कट्कन दोन तुकडे मोडायचे, स्टीलच्या बशीत एक तिचा एक स्वतःचा. त्यांना साखरेचा काही त्रास नव्हता. तरी तिच्यासाठी बंद ते त्यांच्यासाठीही बंद, आणि तिला तुकडा तर त्यांनाही तुकडा. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी पाहून समजले.

तुकडा चावायचा नाही, असा नियम होता. जिभेवर ठेवायचा आणि तो आपोआप विरेपर्यंत तोंड बंद. पाच-सहा मिनिटं लागायची. त्या वेळात फोन वाजला तरी कोणी उचलायचं नाही, आणि नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. काकूंना हे जमायचं नाही. त्या पहिल्याच मिनिटाला कराकरा चावून गिळून टाकायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. मला म्हणायच्या, "जन्मभर कोळसा नाकातोंडात घेऊन घरी आले, आता मलेही चारून राह्यले." पण मी पाहत होते, ताटं उचलल्यावर त्यांची नजर कपाटाकडेच असायची. जेवणही हळूहळू पहिल्यासारखं झालं होतं. दर रविवारी सकाळी काका मशीनवर त्यांची साखर पाहायचे आणि आकडा चांगला आला की गल्लीभर सांगत सुटायचे.

एकदा मला तो तुकडा मिळाला. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन खाली गेले आणि दारातच माझी चूक लक्षात आली. काकांनी पेढे बाहेरच्या बाहेर शेजारी पाठवले आणि माझा अपमान नको म्हणून बशीत तुकडा ठेवला. कडूजार होता. पण तोंडात राहू दिला तसा मागून काहीतरी वेगळंच उमलत आलं, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं, मग जरासं गोड. मी म्हटलं, काका, अजून एक द्या. त्यांना इतकं वाईट वाटलं म्हणता! एवढ्या शिकलेल्या मॅडम, आणि पहिल्याचा धूर बसायच्या आत दुसरा मागतात.

आमच्या इकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेलच. त्या वर्षी दोन दिवस वीज नव्हती. फ्रीज काकांना मुळातच मान्य नव्हता, त्यात वास मरतो म्हणायचे. डबा माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवला होता, तरी चॉकलेट विरघळलं आणि पुन्हा थिजलं तेव्हा एक गोळा झाला. रेघा पुसल्या गेल्या. आता दहा ग्रॅम कुठून कुठवर? दुसऱ्या कोणीही अंदाजाने सुरी चालवली असती. वीज आली तशी काका तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून भर दुपारी सराफाकडे गेले. सराफाने फडकं सोडून पाहिलं आणि विचारलं म्हणे, हे काय आणलं? काका म्हणाले, तुमच्या कामाचं नाही, पण तुमच्याइतकंच मोजून द्या. त्याने बिचाऱ्याने एसीत बसून दहा-दहा ग्रॅमचे तुकडे करून दिले. त्याच्या तराजूच्या पारड्याला चॉकलेट लागलं, ते काकांनी बोटाने पुसून घेतलं नाही. ते मोजलेलं नव्हतं.

आता माझं पाप सांगते. काकू वर यायच्या. कधी गच्चीवर वड्या वाळत घालायला, कधी वाळलेल्या उलटायला, कधी नसलेल्या वड्या पाहायला. मी चहा टाकला की मोरीपाशी बसून म्हणायच्या, पोरी, अर्धा चमचा टाक व, जीव जाऊन राह्यला. मी आधी नाही म्हणायचे, मग टाकायचे. अर्धा चमचा, जास्त नाही. त्या कप दोन्ही हातांत धरून इतक्या सावकाश प्यायच्या की मला नाही म्हणवायचं नाही. मनाला समजावायचे, अर्ध्या चमच्याने काय होतंय. पण खाली काका भेटले की मी त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचे नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ती दुपार नोव्हेंबरातली. काका हयातीचा दाखला द्यायला सकाळीच बँकेत गेले होते. रांग मोठी होती, परत यायला साडेतीन झाले. मी कॉलेजातून चारच्या सुमारास आले. खालचं दार उघडं. आत काकू पलंगावर आडव्या, लुगडं घामाने ओलंचिंब, ओठ पांढरे. मला पाहून त्यांनी वेगळ्याच कोणाचंतरी नाव घेतलं आणि म्हशीला पाणी पाजलं का असं विचारलं. त्या घरात म्हैस कधीच नव्हती. पलंगासमोर खुर्ची टाकून काका ताठ बसले होते, हातात घड्याळ. साखर तपासायचं मशीन बाजूला पडलं होतं. त्यावर आकडा होता अठ्ठेचाळीस.

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "थांबा मॅडम. अकरा मिनटं झाली. अजून चार बाकी हायेत."

काय झालं होतं ते मला नंतर नीट कळलं, पण चूक काय झाली ते त्याच क्षणी दिसलं. डॉक्टरांनी त्यांना कधीतरी सांगून ठेवलं होतं, साखर एकदम खाली गेली तर काहीतरी गोड द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पाहायचं. काकांनी अक्षरशः तेच केलं होतं. घरात गोड म्हणावं असं एकच होतं. त्यांनी कपाट उघडून एक तुकडा मोडला, दहा ग्रॅम, तिच्या जिभेवर ठेवला, आणि धूर बसायची वाट पाहत बसले होते. पंच्याऐंशी टक्के काळा, ज्यात साखर नावाला. आणि काकू आतल्या आत बुडत होत्या.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. धावत वर गेले, कुलूप उघडलं. पेलाभर पाण्यात चार चमचे साखर घालून ढवळत ढवळत खाली आले. काकूंना गिळता येत होतं, देवाची कृपा. काकांनी मान उचलून धरली, मी पेला तोंडाला लावला. घोट घोट करून त्या सगळं प्यायल्या. दहा मिनिटांनी त्यांनी मला माझ्या नावाने ओळखलं. मग रिक्षा, मग दवाखाना.

दवाखान्यात कळलं की काकूंनी सकाळची मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. त्या दिवशी संकष्टी होती. काकांनी मधुमेह निघाला तेव्हाच उपास बंद करवले होते. ते दुपारी घरी नाहीत, ताटावर कोणी पाहणारं नाही, ही संधी साधून काकूंनी चोरून उपास धरला होता. डॉक्टर चांगले. ओरडले नाहीत. काकांना समोर बसवून म्हणाले, काळं चॉकलेट औषध नाही, खाणं आहे. आवडतं म्हणून, जेवण झाल्यावर, एक तुकडा, साखर पाहून, बस. साखर उतरली तर मात्र त्याचा उपयोग नाही, त्यातली चरबी साखर लवकर चढू देत नाही. तेव्हा साधं साखरेचं पाणीच पाहिजे. त्या गोळीचा असर लांबतो म्हणून काकूंना दोन दिवस ठेवून घेतलं.

काका ते सगळं उभ्याने ऐकत राहिले, खाणीत साहेबासमोर अपघाताचा जबाब द्यायला उभं राहावं तसे. बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "जन्मभर जास्तीलेच भेलो मॅडम. कमीनंही माणूस जाते, हे मले कोणी सांगितलंच नाही."

मला रडू आलं. मघाशी जे बोलले त्याची लाज वाटली. आणि मग मी कबूल करून टाकलं, चहाचं, अर्ध्या चमच्याचं. काका म्हणाले, "मले मालूम होतं. म्हणून तर तिची रातची भाकर मी अर्धी करत होतो."

काकू घरी आल्या आणि मला वाटलं, संपलं एकदाचं. पण खरा घोर पुढे होता. काकांनी कपाटाची किल्ली काकूंच्या हातात ठेवली. दोन किलो साखर आणून ओट्यावर मांडली, गूळ आणला, डब्यात बिस्किटं भरली. तुले पाहिजे ते खाय, म्हणाले. आणि त्यांनी पाहणं सोडलं. दुपारी ताटं उचलली की ते अंगणात जाऊन बसायचे. स्वतःचा तुकडाही बंद. स्कूटर सुरू करताना ओरडेनासे झाले. गल्लीतल्या लोकांना काळजी वाटायला लागली, म्हातारा आजारी आहे का म्हणून विचारायचे.

काकूंची पहिले चार दिवस चंगळ झाली. शिरा झाला, जिलेबी झाली, माझ्याकडे न येता स्वतःच्या ओट्यावर गोड चहा झाला. पुढच्या रविवारी आकडा तीनशेच्या वर गेला. काकांनी मशीनकडे पाहिलं, मशीन पुसलं आणि जागेवर ठेवलं. गल्लीत कोणाला काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. काकूंच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. माझं पित्त खवळलं. मी अंगणात जाऊन म्हटलं, काका, पहिले कमी करून मारत होतात, आता जास्त करून मारणार का? ते म्हणाले, माह्या हाताचा आता मलेच भरवसा नाही. बारूद भरणाऱ्याचा हात एकदा चुकला की त्याला पुन्हा भरू देत नाहीत, खाणीत. मी म्हटलं, ही खाण नाही. खरं तर मला भीती वाटत होती. या दोघांपैकी एकाने तरी हट्ट सोडला नाही, तर काकू जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तिसऱ्या रविवारी मला खाली जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, मी ताटं उचलली. काका उठून अंगणाकडे निघाले, तेवढ्यात काकूंनी कपाट उघडलं, डबा आणला आणि स्वतः चॉकलेट मोडलं. ते रेघ सोडून वेडंवाकडं तुटलं. तो तुकडा त्यांनी बशीत घालून काकांच्या रिकाम्या पाटापुढे ठेवला.

"मोजा," म्हणाल्या.

काका म्हणाले, तूच घे. काकूंचा आवाज चढला, आणि या घरात आवाज चढवणं काकांचं काम होतं. "तुम्ही मोजणं सोडलं तवापासून मले गोड लागतच नाही. तुमचं ऐकायचं नाही म्हणून खाल्लं, तर ऐकवणाराच कोणी नाही. मले वाटून राह्यलं, मी मेली काय अन् जगली काय, तुम्हाले सारखंच."

मी हातात ताटं घेऊन तशीच उभी राहिले. काका परत येऊन पाटावर बसले. बशीला हात लावला नाही. मग विचारलं, आणि त्यांचा इतका हळू आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

"आधी एक सांग. त्या दिवशी उपास कायले धरला होता?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, काकांनी नाही, मीही नाही. चोरून धरला एवढंच आम्ही धरून बसलो होतो.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "त्या हप्त्यात तुमच्या छातीचा फोटो काढायचा होता. खाणीतला माणूस, काय निघते काय मालूम. चांगला येऊ दे म्हणून."

काकांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला.

"फोटो चांगला आला," ते म्हणाले.

"मालूम हाय मले," काकू म्हणाल्या. "द्या आता माहा तुकडा."